पहिल्या वर्षाचं साहित्य, कृतीसह

नीटचा निकाल लागतो, कॅप राउंडच्या यादीत नाव येतं आणि त्याच संध्याकाळी घरात दुसरी एक यादी सुरू होते. वडिलांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर स्टेथोस्कोप असतो, आईच्या यादीत गादी. आत्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वी मिरजेला लागलेला असतो, त्याला फोन लावून तिसरी यादी मागवली जाते. तो म्हणतो, ‘काही आणू नका, इथे सगळं मिळतं,’ आणि घरात कुणाचाच त्यावर विश्वास बसत नाही. ज्या मुलीसाठी हे सगळं चाललेलं असतं ती आतल्या खोलीत लातूरच्या दोन वर्षांची झोप वसूल करत असते.

मी ॲनॉटॉमी शिकवते. दर वर्षी नवी बॅच पहिल्यांदा डिसेक्शन हॉलच्या दाराशी येते तेव्हा त्यांच्या हातातल्या, खांद्यावरच्या आणि गळ्यातल्या वस्तू मी बघत असते. त्यातल्या निम्म्या वस्तूंचं वेष्टन वर्ष संपेपर्यंत निघत नाही. ज्यांच्या जोरावर मुलं पास होतात त्या वस्तू जवळजवळ सगळ्या जुन्या, मागून आणलेल्या किंवा कुणीतरी दिलेल्या असतात. तरीही लोक दुकानात जाणारच, म्हणून ही मार्गदर्शिका. नवशिक्यांनी ती क्रमाने वाचावी. पालकांनी थेट स्टेथोस्कोपच्या भागाकडे वळलं तरी चालेल; एरवीही ते तेच करणार आहेत.

कागदपत्रं

डॉक्टरकीची सुरुवात झेरॉक्सच्या दुकानात होते. नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, एलसी, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला, फिटनेस सर्टिफिकेट. राखीव जागेवर असाल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलमार्फत. कुठल्याही वाटेने आलात तरी खिडकी तीच आणि खिडकीमागचा प्रश्न तोच: ‘ओरिजिनल कुठंय?’ झेरॉक्सचे संच किती करावेत याला ठरलेला आकडा नाही. कराल त्याहून एक जास्त लागतो.

जात वैधतेचं काम असेल तर ते अकरावीतच हाती घ्या. आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांच्या काळातला महसुली कागद, चुलत आजोबांच्या नावातली एक वेलांटी, अशा वाटेने ते काम जातं. मुलीला हृदयाचे चार कप्पे पाठ होण्याआधी वडिलांना चार पिढ्यांची वंशावळ पाठ झालेली असते.

फिटनेस सर्टिफिकेट गल्लीतले डॉक्टरकाका देतात. ते तुमची नाडी बघत नाहीत. ‘कशाला जातेस?’ एवढंच विचारतात आणि सही करतात. रॅगिंग करणार नाही असं प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्याने आणि पालकांनी वेगवेगळं द्यायचं असतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे, तो वाचून ठेवा, सिनिअरने वाचलेला असतोच असं नाही. सरकारी कॉलेजात आणखी एक कागद पुढे येतो: एमबीबीएस झाल्यावर १ वर्ष सरकारी सेवा. अठरा वर्षांच्या माणसाला साडेपाच वर्षांनंतरची गोष्ट पुढच्या जन्मातली वाटते, त्यामुळे ही सही सगळ्यांत झटपट होते.

मूळ कागद कॉलेजात जमा होतात. जमा करण्याआधी प्रत्येकाचा स्कॅन काढा. एखादा कागद मधल्या काळात परत मिळवणं हा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि त्याला इंटर्नशिप नाही.

ॲप्रन

दोन घ्या. सुती, पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याच्या जरा वर येणारे. टेरिकॉटला इस्त्री छान राहते, पण एप्रिलमधल्या नागपुरात ती बघायला तुम्ही शुद्धीवर असणं आवश्यक आहे. एक ॲप्रन डिसेक्शन हॉलचा, दुसरा उरलेल्या जगाचा. या दोघांची गाठ बादलीतसुद्धा पडू देऊ नये. कॉलरच्या आत नाव मार्करने लिहा; भरतकाम करून घेऊ नका, हॉस्टेलच्या दोरीवर भरतकाम वाचायला कुणी थांबत नाही.

नवा ॲप्रन आला की आरशासमोर फोटो होतोच, तो काढून घ्या आणि मग ॲप्रन काढून ठेवा. ॲप्रन घालून मेसमध्ये जाऊ नये, बाजारात जाऊ नये आणि एसटी स्टँडवर तर मुळीच जाऊ नये. तिथे एखाद्या आजोबांच्या छातीत कळ येईल, ते बाकावर कलंडतील आणि सगळा स्टँड तुमच्याकडे बघेल. त्या दिवशी तुमची वैद्यकशास्त्रातली एकूण गती क्लॅव्हिकलपर्यंत झालेली असेल.

सेवाग्रामला प्रवेश मिळाला असेल तर ही सगळी खरेदी खादीत करा. तिथे तो नियम आहे. सुरुवातीचे काही दिवस गांधीजींच्या आश्रमात राहून श्रमदान आणि सूतकताईही असते. त्या मुलांची खरेदी एकाच दुकानात उरकते, याचा बाकीच्यांनी हेवा करावा.

हाडं

माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. अभ्यासाला अर्धा सेट पुरतो: कवटी, एका बाजूचा हात आणि पाय, काही फासळ्या, मणके, कमरेचं हाड. बाकीचं शरीर कृपा करून डावं-उजवं असतं.

एकेकाळी खरी हाडं सहज मिळत. कोलकात्याहून जगभरच्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे रवाना होत. १९८५ साली भारत सरकारने ती निर्यात बंद केली. आता दुकानात मिळतो तो बहुतेक फायबरचा सेट. तो हलका, स्वच्छ आणि जरासा खोटारडा असतो. खऱ्या हाडावर स्नायू जिथे धरून होता तिथे बोटाला खरखर लागते. साच्यातून काढलेल्या हाडावर ती बुजलेली असते. आणि व्हायव्हाला बाई हातात देतात ते हाड खरं असतं. म्हणून आधी विभागात चौकशी करा, कित्येक कॉलेजांत वहीत सही करून हाडं अभ्यासाला मिळतात. अनोळखी माणूस रात्री हॉस्टेलच्या फाटकाशी खरी हाडं विकायला आला तर घेऊ नका. ती कुठून आली हे त्याला माहीत नसतं, आणि माहीत असेल तर ते तुम्हाला ऐकवणार नाही.

सर्वोत्तम सेट सिनिअरचा. तो सेट तिला तिच्या सिनिअरकडून आलेला असतो, त्यांना त्यांच्या सिनिअरकडून. भाव ठरलेला असतो: जितक्याला घेतला तितक्याला द्यायचा. स्नायूचा उगम लाल रंगात आणि त्याचं दुसरं टोक निळ्यात रंगवण्याची पद्धत आहे, त्यामुळे जुन्या सेटवर मागच्या तीन-चार मालकांचा अभ्यास एकावर एक चढलेला दिसतो. एका मालकाने फीमरवर चुकीच्या जागी काढलेली निळी रेघ पुढच्याने खोडलेली असते आणि त्याच्या पुढच्याने खोडलेलंच खोडून परत काढलेली असते. कुणावर विश्वास ठेवायचा ते पुस्तक उघडून ठरवा. या एका भांडणात जेवढं ॲनॉटॉमी शिकता येतं तेवढं माझ्या तासाला येत नाही.

पहिलं हाड बहुधा क्लॅव्हिकल असतं. बाहेरचं टोक चपटं, छातीकडचं टोक जाड, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, खालच्या अंगाला खोबण. एवढं बघून ते उजवं की डावं हे सांगायचं. घाईत सांगितलं की अर्धी शक्यता बरोबर येण्याची असते, म्हणून नवी मुलं घाईत सांगतात. व्हायव्हाला आम्ही लगेच पुढचं विचारतो: ‘कशावरून?’

दिवाळीच्या सुट्टीत हाडं घरी नेऊ नयेत. नेलीच तर पिशवी उघडण्याआधी आईला कल्पना द्यावी, देवघराच्या खोलीत ठेवू नये, आणि अमावास्या कधी आहे ते कॅलेंडरवर बघून ठेवावं. घरात आजी असेल तर ती कवटीकडे बघून विचारते, ‘कुणाचं गं हे?’ आमच्या प्रश्नसंचात सगळे प्रश्न आहेत, हा नाही.

पुस्तकं

बी. डी. चौरसिया घ्या. घेऊ नका असं सांगणारे प्राध्यापक आहेत, मीही वर्गात सांगते. त्यांच्याही कपाटात चौरसिया असतो. त्यातली आकृती परीक्षेत पाच मिनिटांत काढता येते आणि हा गुण थोरामोठ्या ग्रंथांत नाही. एम्ब्रियॉलॉजीला इंदरबीर सिंग, फिजिऑलॉजीला गायटन किंवा ए. के. जैन, बायोकेमिस्ट्रीला सत्यनारायण किंवा वासुदेवन. गायटन गोष्टीसारखा वाचला जातो. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचू नये.

नवी पुस्तकं घेण्यात शहाणपण नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जा, नाहीतर परत सिनिअरकडे जा. जुन्या पुस्तकात समासात लिहिलेलं असतं, ‘५ मार्क, दोनदा आलाय’, ‘बाई हे विचारतातच’, ‘हे सोड’. छापील मजकुरापेक्षा समासाला जास्त किंमत आहे. मात्र विकणारा पास झाला होता का, याची शांतपणे चौकशी करावी.

आता ग्रेज ॲनॉटॉमी. काका, मामा किंवा सत्कार करणारं मंडळ यांपैकी कुणीतरी तो ग्रंथ भेट देतंच. तो उचलायला डेल्टॉइड लागतो आणि वाचायला निवृत्ती. पण त्याची एक हकीकत माहीत असू द्या. १८५८ साली लंडनला त्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा मजकूर हेन्री ग्रे यांचा होता आणि चित्रं हेन्री वँडाइक कार्टर यांची. दोघांनी मिळून शवविच्छेदनं केली. ग्रे यांना रॉयल्टी मिळाली, कार्टर यांना एकरकमी पैसे. ज्या वर्षी पुस्तक निघालं त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनॉटॉमी शिकवू लागले. पुढे काही वर्षं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. पायाला बुरशीने होणाऱ्या मायसेटोमावर त्यांनी १८७४ साली पुस्तक लिहिलं. ते त्यांच्याच नावावर आहे. ग्रे १८६१ साली, ऐन तिशीत देवीच्या आजाराने गेले, आणि पुस्तकाला मात्र आजही त्यांचंच नाव आहे. पुढे कधी रेसिडेंट व्हाल, रात्र रात्र जागून पेपर लिहाल आणि तो छापून येईल तेव्हा पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा. त्या दिवशी कार्टर तुमचे गाववाले होतील, मग तुम्ही साताऱ्याचे असा वा नसा.

डिसेक्शन बॉक्स

एका टेबलाला एक पुरते. घेणारच असाल तर एवढं बघा: ३ क्रमांकाच्या मुठीला १० ते १५ क्रमांकांची पाती बसतात, ४ क्रमांकाच्या मुठीला २० च्या पुढची. दुकानदार हे सांगत नाही आणि मग मूठ एका जातीची, पाती दुसऱ्या जातीची अशी पेटी वर्षभर सांभाळावी लागते. दाते असलेला एक चिमटा, बिनदात्यांचा एक, एक कात्री, एक प्रोब. बाकीची चमकणारी हत्यारं कशासाठी आहेत हे मलाही पेटीतल्या कागदावर वाचावं लागतं. टेबलाभोवती जितके जण तितक्या पेट्या, आणि कापायला वीतभर जागा. खरं काम चिमट्याने आणि बोटांनी होतं.

टेबल

डिसेक्शन हॉलमध्ये जाण्याआधी नाश्ता करा. रिकाम्या पोटी आलेलाच आडवा होतो. बंद बूट, बांधलेले केस, हातमोजे. लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा. फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं, नाक वाहतं, आणि का कुणास ठाऊक, तासाभराने कडकडून भूक लागते. दोन आठवड्यांनी तुम्हाला वास येईनासा होतो. मेसमध्ये शेजारी बसणाऱ्याला येत राहतो.

पहिल्या दिवशी शपथ असते आणि दोन मिनिटं उभं राहायचं असतं. त्या वेळी कुणी हसलं तर आम्ही रागावत नाही. ते हसू कशाचं असतं ते आम्हाला माहीत आहे.

टेबलावरचा माणूस तिथे दोनांपैकी एका वाटेने आलेला असतो. बेवारस देह मेडिकल कॉलेजांना मिळण्याची तरतूद १९४९ च्या मुंबई ॲनॉटॉमी कायद्याने केली. दुसरी वाट देहदानाची. देहदानाचा अर्ज माणूस जिवंतपणी भरतो, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि अर्जाची प्रत कपाटात ठेवतो. पण तो गेल्यावर अर्ज आपण होऊन चालत येत नाही. मुलगा किंवा सून यांना रडायच्या वेळात आम्हाला फोन करावा लागतो, डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घ्यावा लागतो, गाडी बोलवावी लागते, आणि हे सगळं काही तासांत. जमलेल्यांपैकी एखादे काका म्हणतात, ‘निदान अस्थी तरी नको का नदीत?’ त्यांना कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. उत्तर देणारं कुणी नसलं तर अर्ज कपाटातच राहतो. दानातून आमच्याकडे येणारा प्रत्येक देह अशा एका बाचाबाचीतून पार होऊन आलेला असतो. मी दारात उभं राहून तो ताब्यात घेते, पोचपावती देते आणि चहा विचारते; बहुतेक जण चहा घेत नाहीत, तसेच घरी जातात. घरी काय करायचं हे त्यांनाही माहीत नसतं, कारण स्मशानातून परतल्यावरचे विधी ठरलेले असतात, मेडिकल कॉलेजातून परतल्यावरचे नसतात.

विभागाच्या नोंदवहीत नाव असतं, टेबलावर क्रमांक. नाव विचारू नका, सांगत नाही. टोपणनावही ठेवू नका. ठेवलंत तर ते मामांच्या कानावर जाणार नाही याची काळजी घ्या.

मामा म्हणजे हॉलचे मामा. सरकारी दवाखान्यात कर्मचारी मामा असतात किंवा मावशी असतात, आणि हे नातं पदवीपेक्षा जुनं आहे. मामांना पहिल्या दिवशी नमस्कार करा. बाहूत मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह सापडत नाही म्हणून सहा जण पुस्तक धरून उभे असतात, तेव्हा मामा येतात, चिमट्याच्या टोकाने एक पांढरा दोरा अलगद उचलतात आणि ‘ही तुमची’ म्हणून निघून जातात. नाव सांगत नाहीत. नाव सांगायला आम्ही आहोत.

पेन्सिली

हिस्टॉलॉजीच्या जर्नलला दोन रंग लागतात, गुलाबी आणि जांभळा. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचं केंद्रक जांभळं होतं, इओसिनने बाकीचं गुलाबी. त्यामुळे यकृत असो वा जीभ, सगळं त्याच दोन पेन्सिलींत बसवायचं. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजसमोरच्या दुकानात बारा रंगांच्या पेट्या मागे पडून राहतात आणि या दोन रंगांच्या सुट्या पेन्सिली संपतात. म्हणून या घरूनच आणा. स्वतःच्या यादीत मी टीप म्हणून एवढीच एक खरेदी घालेन.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्षात सगळं गुलाबी धुकं दिसतं. जर्नलमध्ये मात्र प्रत्येक पेशी ओळखू येते, कारण ती सिनिअरच्या जर्नलमधून उतरलेली असते, आणि त्याची त्याच्या सिनिअरच्या.

रक्त

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला रक्त लागतं. ते तुम्हीच घेऊन या, तुमच्याच बोटात. स्पिरिट, कापूस, लॅन्सेट. टोचताना हळुवारपणा दाखवू नये. हळुवार टोचलेलं परत टोचावं लागतं. चक्कर येते ती नेमकी बॅचमधल्या कबड्डीपटूला, तेव्हा त्याच्या मागे एक स्टूल ठेवा.

साहली पद्धतीने हिमोग्लोबिन बघताना रक्त आम्लात मिसळून तपकिरी झालं की नळीत थेंब थेंब पाणी घालत रंग जुळवायचा. रंग जुळणं ही व्यक्तिगत बाब आहे, त्यामुळे पहिल्या टेबलावरचं उत्तर शेवटच्या टेबलापर्यंत सगळ्यांचं येतं. तांबड्या पेशी मोजणं अवघड. काचेवरच्या ८० बारीक चौकोनांतल्या पेशी मोजायच्या, त्याला १०,००० ने गुणायचं. उत्तर ४५-५० लाखांच्या आसपास यायला हवं. तुम्ही ५२ पेशी मोजल्यात तर उत्तर ५ लाख २० हजार येतं, म्हणजे गणिताप्रमाणे तुम्ही वारलेले आहात. जर्नलमध्ये तसं लिहू नये. परत मोजावं.

स्टेथोस्कोप

आले पालक.

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक यांनी एका रोगी बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी करून तिचं एक टोक छातीला आणि दुसरं कानाला लावलं. शोध लागला तेव्हा स्टेथोस्कोपचा खर्च एक कागद होता. आज लिटमनची किंमत ऐकून वडील क्षणभर गप्प होतात, आणि मग म्हणतात, ‘घेऊन टाकू, एकदाच घ्यायचाय.’

एकदाच घ्यायचा नसतो. पहिल्या वर्षी त्याचं काम म्हणजे फिजिऑलॉजीत रूममेटचं बीपी घेणं. त्याला साधा, देशी, स्वस्त स्टेथोस्कोप पुरतो आणि रूममेटचं बीपी १२०/८० येतं, कारण ते पुस्तकात तेवढंच लिहिलेलं असतं. वॉर्डात जायला लागलात की मग चांगला घ्या. रंग निवडताना दुकानातला सगळ्यांत भडक, कुणालाही आवडणार नाही असा निवडा. काळा स्टेथोस्कोप रेसिडेंट ‘एक मिनिट दे’ म्हणून गळ्यात घालतो आणि ओपीडीच्या गर्दीत तो कुणाच्या गळ्यात गेला हे कळत नाही. पोपटी स्टेथोस्कोप परत येतो.

लस

इथे चेष्टा नाही. हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत का ते लहानपणच्या लसीकरण कार्डावर बघा. झाले नसतील तर आत्ताच सुरू करा: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. स्टेथोस्कोपच्या पैशातून उरलेल्यात होतं. या यादीतली ही एकच गोष्ट घराघरांत राहून जाते.

हॉस्टेल

गादी तिथल्या बाजारात घ्या. ती बसच्या टपावरून नेण्याचा आईचा बेत हाणून पाडा. बादली, मग, दोन कुलपं, मच्छरदाणी, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड. पाणी तापवायची कॉइल वॉर्डनच्या बंदीच्या यादीत असते आणि प्रत्येक खोलीत असते. चिवडा, लाडू आणि शेंगदाण्याची चटणी यांचे डबे मोठे द्यावेत असं आयांना वाटतं. डबा कितीही मोठा असला तरी तो एकाच रात्री संपतो, म्हणून लहान द्या आणि जास्त वेळा पाठवा. या डब्याच्या मोबदल्यात त्या रात्री कुणीतरी सिनिअर जर्नल, पुस्तक आणि हाडं कुठून मिळतील ते सांगून जाते.

पहाटे उठायची सवय असेल तर उत्तम, नसेल तर मागच्या बाकाची. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. ‘आजारी होतो’ हे कारण आम्ही, सगळे डॉक्टर असल्यामुळे, फार बारकाईने ऐकतो.

नातेवाईक

यांची पूर्वतयारी निघण्याच्या आधी करावी लागते. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर तुमचा दहावीतला फोटो आणि खाली ‘डॉक्टर’ असं लिहिलेलं असतं. सत्कारात शाल आणि नारळ मिळतो. दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर थायरॉइडचे रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्मचे खिडकीशी धरून काढलेले फोटो, एका काकूंच्या जिभेचा फोटो. उत्तर म्हणून तीन वाक्यं पाठ करा: ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा’, ‘गोळी आपली आपण बंद करू नका’ आणि ‘हे आम्हाला तिसऱ्या वर्षी आहे’. पहिली दोन वाक्यं शेवटच्या वर्षापर्यंत आणि त्यानंतरही चालतात. तिसऱ्यातलं वर्ष तेवढं बदलत राहा.

‘हृदयाचं होणार की मेंदूचं?’ असं विचारलं तर हसा. ‘नुसतं एमबीबीएस का?’ असं विचारलं तरी हसा.

वर्ष संपल्यावर

नाशिकच्या विद्यापीठाचा निकाल लागला आणि नाव दिसलं की साहित्य पुढे द्यायचं असतं. डिसेक्शन बॉक्स देऊ नका, कुणी घेत नाही. पुस्तकं द्या, समास खोडू नका. जर्नल द्या, पण पहिलं पान फाडून. त्यावर आमची सही असते. हाडांचा सेट जितक्याला घेतला तितक्याला द्या.

देण्याआधी हाडं मोजा. मनगटात आठ बारीक हाडं असतात आणि आठवं, पिसिफॉर्म, वाटाण्याएवढं. ते हरवलेलं असतंच. तुम्ही नाही हरवलं, तुमच्या सिनिअरनेही नाही. ते बहुधा तीन मालकांपूर्वी पलंगाखाली गेलं. तेव्हापासून त्या जागी कुणीतरी एक सुका पांढरा वाटाणा दोऱ्यात ओवून ठेवलेला आहे. नव्या मुलीला हे सांगायची गरज नाही. ती सात हाडं आणि एक वाटाणा मोजेल, आठ भरले म्हणेल, पैसे देईल. व्हायव्हाला मी तो हातात घेऊन विचारेन, ‘उजवा की डावा?’ आणि ती घाईत काहीतरी सांगेल.